हातचा कोठे लागतो?

कामगार संघटनेतला माणूस बोलायला उभा राहिला म्हणजे तो पगारवाढ, बोनस, नाही तर संप यांवरच बोलणार, अशी लोकांची समजूत असते. ती अगदीच चुकीची नाही. पण आज मी एका संख्येवर बोलणार आहे. संख्या एकच, पण ती सतरा अंकांची आहे. मागे बसलेल्यांनाही दिसावी म्हणून ती फळ्यावर ठळक लिहिली आहे:

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून नवापर्यंत चढ आणि नवापासून एकापर्यंत उतार. कोडोलीकरांना डोंगर म्हटला की जोतिबाचा डोंगर आठवतो. तसाच हा अंकांचा डोंगर समजा. डावीकडून चढा की उजवीकडून चढा, वाट तीच. उलटी लिहिली तरी संख्या बदलत नाही.

एवढी मोठी संख्या वाचायची कशी, हा पहिला प्रश्न. आपला रोजचा व्यवहार लाखाकोटींत संपतो. पण भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. आपल्या संख्येतला डावीकडचा पहिला एक सतराव्या स्थानावर, म्हणजे 'मध्य' या स्थानावर बसला आहे. परार्ध तिच्यापासून एकच घर दूर राहिला. हे घर लक्षात ठेवा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता ही संख्या आली कोठून ते पाहू. हातात पेन्सिल असेल त्यांनी माझ्याबरोबर गुणाकार करावा. ११ ला ११ ने गुणा. उत्तर १२१. १११ ला १११ ने गुणा. उत्तर १२,३२१. चार एकांच्या संख्येला तिनेच गुणले की १२,३४,३२१. असे करत करत नऊ एकांपर्यंत या. १११११११११ ला १११११११११ ने गुणले की आपली सतरा अंकी संख्या उभी राहते. म्हणजे ती नऊ एकांच्या संख्येचा वर्ग आहे.

असे का होते? कारण साधे आहे. १११ ने गुणायचे म्हणजे तीच ओळ तीनदा लिहायची, आणि दर वेळी एक घर डावीकडे सरकवायची: १११, मग १,११०, मग ११,१००. तिन्हींची बेरीज १२,३२१. आम्हा मोर्चावाल्यांच्या भाषेत सांगतो. नऊ-नऊ माणसांच्या नऊ रांगा उभ्या करा, आणि प्रत्येक रांग मागच्या रांगेपेक्षा एक पाऊल डावीकडे उभी राहू द्या. आता समोरून न मोजता उभ्या ओळीने मोजा. कडेच्या ओळीत एक माणूस, तिच्याशेजारी दोन, मग तीन. मधल्या ओळीत नऊ. मग पुन्हा आठ, सात, असे एकापर्यंत. ओळी सतरा, म्हणून अंक सतरा. माणसे एकंदर नऊ नव्वे एक्याऐंशी, म्हणून या संख्येतील अंकांची बेरीजही बरोबर ८१. खरे वाटत नसेल तर करून पाहा.

आता मी आपणांस विचारतो: दहा एक घेतले तर काय होईल? नऊ वेळा नियम चालला, दहाव्या वेळी का चालू नये, असे कोणीही म्हणेल. मी स्वतः तसेच म्हणालो होतो. पण दहा एकांच्या संख्येचा वर्ग असा येतो:

१२३४५६७९००९८७६५४३२१

चढावरचा आठ नाहीसा झाला, मध्ये दोन पूज्ये आली, डोंगराचे शिखर ढासळले. उलटी वाचली तर आता ती तीच राहत नाही. अंकही सतरावरून एकोणीस झाले, म्हणजे भास्कराचार्यांचा परार्धही मागे पडला.

ढासळले ते कशाने? हातच्याने. दहा रांगांत मधल्या ओळीत दहा माणसे येतात, आणि एका घरात दहा मावत नाहीत. तेथे पूज्य मांडून हातचा एक शेजारच्या घरात द्यावा लागतो. शेजारच्या घरात नऊ होते, तेही दहा झाले. तेथेही पूज्य, आणि हातचा एक पुढे. त्या घरात आठ होते, ते नऊ झाले. तेथे हातचा थांबला. नऊ एकांपर्यंत सगळा गुणाकार बिनहातच्याचा होता, म्हणून आकृती सुबक राहिली. तेव्हा नियम 'नऊ वेळा खरा ठरला' हे काही त्याचे कारण नव्हे. 'कोणत्याही ओळीत दहा झाले नाहीत' हे कारण होय. ज्याने कारण धरले त्याला नियम कोठे मोडणार हे आधीच सांगता येते. ज्याने नुसती आकृती धरली तो दहाव्या पायरीवर आपटतो.

येथे एक गंमत आहे. दहा रांगांत माणसे शंभर. पण त्या एकोणीस अंकांची बेरीज करा. ती येते ८२. अठरा माणसे गेली कोठे? मोर्चातली अठरा माणसे नाहीशी झाली तर मला झोप लागणार नाही, म्हणून मी याचा शोध घेतला. माणसे गेली नाहीत. दर हातच्याला दहा जणांच्या वतीने एक प्रतिनिधी शेजारच्या घरात जाऊन बसतो. दहांऐवजी एक, म्हणजे बेरजेतून नऊ कमी. हातचे दोन लागले, म्हणून अठरा कमी. हिशेब पुरा झाला. आणि याच हिशेबात आपल्या आजोबापणजोबांच्या एका युक्तीचे मर्म आहे, तिच्याकडे मी लवकरच येतो.

त्याआधी ज्या माणसाने या संख्यांना नाव दिले त्याच्याविषयी बोलले पाहिजे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले, १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते. पदवीपुढचे शिक्षण त्यांना मिळाले नाही. मुले, वर्ग, फळा आणि खडू सांभाळून ते संख्यांच्या मागे लागले. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवर डेमलो, म्हणजे आजची डोंबिवली, हे स्थानक होते. तेथे असताना या जातीच्या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्यांना डेमलो संख्या असे नाव दिले. १, १२१, १२,३२१ अशी चढत जाणारी जी माळ आपण आता पाहिली, तिला ते अद्भुत डेमलो संख्या म्हणत. रेल्वे स्थानकाचे नाव गणितात गेले, ही गोष्ट मला फार आवडते.

१९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येचा गुण दाखवला. सगळे सारखे नसलेले कोणतेही चार अंक घ्या, त्यांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करून वजाबाकी करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. सात फेऱ्यांच्या आत ६१७४ येते. अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा जगभर त्यांचे नाव झाले. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये ते वारले. ज्याचे शाळेतले शिक्षण अर्ध्यावर थांबले त्या माझ्यासारख्याला हा शाळामास्तर आपला वाटतो. गणिताच्या दारावर पदवी पाहणारा पहारेकरी नसतो, एवढे त्याने दाखवून दिले.

कापरेकरांनी आणखी एका जातीला 'हर्षद' असे नाव दिले. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते ती हर्षद. उदाहरणार्थ, १८ मधील अंकांची बेरीज ९, आणि ९ ने १८ भागले जातात. मग आपली सतरा अंकी संख्या हर्षद आहे काय? तिच्या अंकांची बेरीज ८१. नऊ एकांची संख्या नवाने भागली जाते. भागाकार १,२३,४५,६७९ येतो. तेव्हा तिचा वर्ग नऊ नव्वे एक्याऐंशीने भागला जाणारच. होय, ती हर्षद आहे. भागाकार हवाच असेल तर तो १५२४१५७८९९७१०४१. एक एकापासून नऊ एकांपर्यंतच्या नऊ वर्गांत हर्षद फक्त तीन निघतात: पहिला, तिसरा आणि नववा. बाकी सहांना रूप आहे, पण हा गुण नाही.

आता तो १,२३,४५,६७९ पाहा. यातही आठ नाही! त्याला नवाने गुणा, नऊ एक मिळतात. अठराने गुणा, नऊ दोन मिळतात. सत्तावीसने गुणा, नऊ तीन. मुलांना ही गंमत दाखवून पाहा. पण आठ गेला कोठे? १ ला ९ ने भागले तर ०.१११११… असे एक संपतच नाहीत. १ ला ८१ ने भागणे म्हणजे त्या न संपणाऱ्या रांगेला तिनेच गुणणे. पुन्हा आपला मोर्चाच. फक्त या वेळी रांगा अनंत. ओळींत १, २, ३ असे चढत ९ आणि मग १० येतात. दहा आले की हातचा लागला. नवाचे दहा झाले, आठाचे नऊ झाले. म्हणून उत्तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असे येते. आठ हरवलेला नाही. हातचा मिळाल्याने त्याचा नऊ झाला आहे. दहा एकांच्या वर्गातून आठ गेला तो याच वाटेने गेला.

या मोठ्या संख्येचे भाग पाडले तर तीनच मूळ संख्या हाती लागतात. नऊ एक म्हणजे १११ गुणिले १०,०१,००१. पैकी १११ म्हणजे ३ गुणिले ३७, आणि १०,०१,००१ म्हणजे ३ गुणिले ३,३३,६६७. वर्ग केला की ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३,३३,६६७ दोन वेळा येतात. त्यांतून तिचे एकंदर ४५ विभाजक होतात. वर्गसंख्येच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते; कारण विभाजकांच्या जोड्या लावताना वर्गमूळ स्वतःचाच जोडीदार होते आणि एकटे उरते.

आता आजोबापणजोबांच्या युक्तीकडे वळतो. तिला नवाचा ताळा म्हणतात. मोठी बेरीज केली की प्रत्येक रकमेचे अंक मिळवायचे, नऊ आले की टाकायचे, आणि शेवटी उरलेला अंक दोन्ही बाजूंनी जुळतो की नाही ते पाहायचे. हा ताळा का मिळतो ते आपण आताच पाहिले. हातचा लागला की अंकांच्या बेरजेतून नऊ जातात, कमी नाहीत आणि अधिक नाहीत. म्हणून हातचे कितीही लागोत, नवाने भागून उरणारी बाकी बदलत नाही. शंभर माणसांची बाकी एक, आणि ८२ ची बाकीही एक.

हा ताळा मला पंचविशीत एका जुन्या कार्यकर्त्याने शिकवला. त्यावर माझा एवढा विश्वास बसला, की त्यापायी मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलो. एका फौंड्रीत करार झाला होता, आणि मागच्या महिन्यांच्या फरकाची रक्कम कामगारांना मिळायची होती. पत्रक आले. आमच्याकडची बेरीज आणि पत्रकातली बेरीज यांचा मी नवाचा ताळा पाहिला. तो जुळला. दोन्ही बेरजा अंकाअंकाने जुळवून पाहण्याचे कष्ट मी घेतले नाहीत. दाराशी सभा घेऊन मी सांगितले, पत्रक बरोबर आहे, सह्या करा. लोकांनी माझ्या शब्दावर सह्या केल्या. संध्याकाळी एक वयस्क मोल्डर माझ्याकडे आले. त्यांनी खिशातून वहीचा चुरगळलेला कागद काढला आणि म्हणाले, "पोरा, तुझा ताळा मिळाला रं, माझं नव्वद रुपयं कुठं मिळालं?"

त्यांचे येणे होते ४,६५३ रुपये. पत्रकात उतरवताना ते ४,५६३ झाले होते. पाच आणि सहा यांची अदलाबदल. दोन्हींच्या अंकांची बेरीज १८, म्हणून नवाच्या ताळ्याला यात काहीच दिसले नाही. दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नवाच्या पटीत पडतो. आणि नवाचा ताळा नवाच्या पटीतल्या चुकीला आंधळा असतो. मी म्हणालो, "मामा, चूक माझी. उद्या परत बसू." दुसऱ्या दिवशी पत्रक दुरुस्त झाले. नव्वद रुपये मिळाले. पण माझ्या शब्दावर सही केलेल्या माणसाला आपला कागद काढून दाखवावा लागला, याची टोचणी अजून गेलेली नाही.

त्यानंतर मी अकराचा ताळा शिकलो. उजवीकडून अंक आळीपाळीने मिळवायचे आणि वजा करायचे. ४,६५३ चे तीन वजा पाच, अधिक सहा, वजा चार, म्हणजे पूज्य. ४,५६३ चे तीन वजा सहा, अधिक पाच, वजा चार, म्हणजे उणे दोन. चूक तत्काळ सापडते. शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल अकराच्या ताळ्यातून कधीच सुटत नाही. आपल्या मोठ्या संख्येचा अकराचा ताळा एक येतो; घरी करून पाहा. नवाचा आणि अकराचा असे दोन्ही ताळे पाहणारा फसला तर क्वचित फसतो. फसणारच नाही असे मी आता म्हणत नाही. ताळा मिळणे म्हणजे हिशेब बरोबर असणे नव्हे. ताळा चुकणे म्हणजे मात्र हिशेब नक्की चुकलेला असणे होय.

कोणी म्हणेल, आता संगणक आहेत, तुमचे ताळे कशाला? त्यालाही आपली संख्याच उत्तर देते. पगारपत्रके ज्यात करतात त्या एक्सेलमध्ये हे सतरा अंक टाइप करा. तो पंधराच अंक धरतो आणि शेवटच्या दोन घरांत पूज्ये भरतो. २१ च्या जागी ००! डोंगराचा पायथाच कापला जातो. पगार सतरा अंकांचे नसतात, तेव्हा पगाराची भीती नाही. पण काही बँकांचे खातेक्रमांक सोळा अंकांचे असतात. यादी करताना तो क्रमांक मजकूर म्हणून न भरता संख्या म्हणून भरला, तर शेवटचा अंक मुकाट्याने पूज्य होतो. यंत्र खोटे बोलत नाही. त्याच्याकडे घरेच तेवढी आहेत. पण ते तुम्हांला हाक मारून सांगतही नाही. म्हणून यादी झाली की शेवटचे अंक डोळ्यांनी तपासा.

श्रोतेहो, आपल्या भाषेत 'हातचे राखून बोलणे' असा शब्दप्रयोग आहे. हिशेबातला हातचा कागदावर लिहीत नाहीत, मनात ठेवतात. आणि चूक बहुधा तेथेच होते. तुमच्यापुढे उद्या एखादे पत्रक येईल, एखादी योजना येईल, उसाच्या बिलाची पावती येईल. आकडे सुंदर रांगेत उभे असतील. नऊ वेळा हिशेब बरोबर आला होता, असेही कोणी सांगेल. त्या वेळी हा अंकांचा डोंगर आठवा आणि एवढेच विचारा: यात हातचा कोठे लागतो, आणि तो कोणाच्या घरात गेला?

उत्तर देणारा समोरचा असो की मी असो, कागद आणि पेन्सिल मात्र तुमच्या हातात असू द्या.